प्रगत लिनक्स प्रशासक प्रमाणपत्र परीक्षा: तालुक्याच्या ठिकाणी ती कशी बांधायची

बहुतेक ठिकाणी हे काम उलट्या टोकाकडून सुरू होतं. पाच-सहा जाणकार एकत्र येतात, व्हॉट्सअॅपवर ग्रुप निघतो, महिनाभरात दोनशे प्रश्न जमतात, पास व्हायला चाळीस टक्के असं कोणीतरी ठरवतं आणि तारीख जाहीर होते. निकालाच्या दिवशी भांडण ठरलेलं. एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर निघतात, पास झालेल्याला बॅकअप परत उभा करता येत नाही, आणि सूतगिरणीचे तीन सर्व्हर एकटी सांभाळणारी मुलगी दोन मार्कांनी नापास असते.

हा लेख महाविद्यालयांचे संगणक विभाग, लिनक्स वापरणाऱ्यांचे गट आणि छोट्या संस्थांसाठी आहे. यवतमाळ, वाशिम, गडचिरोलीकडच्या तालुक्यांत राहून पतसंस्था, जिनिंग, बाजार समित्या, महाविद्यालयं यांचे सर्व्हर चालवणाऱ्यांची प्रगत परीक्षा स्वतः घ्यायची असेल, तर कामं खालच्याच क्रमाने करा. प्रश्न चौथ्या टप्प्यावर येतात. सगळ्याला मिळून किमान आठ महिने धरा.

## १. परीक्षा कोणाची, हे एका परिच्छेदात लिहा

‘प्रगत’ या शब्दावर थांबू नका. उमेदवाराचं वर्णन असं हवं: ‘तीन वर्षं प्रत्यक्ष सर्व्हर सांभाळलेला, वरिष्ठाला फोन न करता बंद पडलेली सेवा परत चालू करणारा, साठवण, नेटवर्क आणि सुरक्षेचे बदल स्वतःच्या जबाबदारीवर करणारा.’ काय येणं अपेक्षित नाही तेही लिहा. उदाहरणार्थ, कर्नेलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, कोड लिहिणं.

नमुन्याला दोन प्रस्थापित पद्धती बघा. १९९९ साली स्थापन झालेल्या लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटच्या एलपीआयसी या प्रशासकांच्या परीक्षांत ९० मिनिटांत ६० प्रश्न असतात, गुण २०० ते ८०० या मोजपट्टीवर देतात आणि ५०० ला पास. रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए ही प्रशासकांची परीक्षा पूर्ण प्रात्यक्षिक आहे, चालत्या मशीनवर काम करून दाखवायचं. प्रगत पातळीसाठी आमचा कल दोन्हींच्या जोडीकडे आहे: ६० प्रश्नांचा ९० मिनिटांचा लेखी पेपर आणि तीन तासांचं प्रात्यक्षिक. दोन्हींत वेगवेगळं पास व्हायचं. एकातले गुण दुसऱ्याची कमतरता भरून काढणार नाहीत.

नाव ठरवताना दुसऱ्यांची बोधचिन्हं वापरू नका. ‘लिनक्स’ हा लिनस टोरवाल्ड्स यांच्या नावावर नोंदलेला ट्रेडमार्क आहे. प्रमाणपत्राच्या नावात तो शब्द घालायचा असेल तर लिनक्स फाउंडेशनकडून उपपरवाना घ्यावा लागतो. तो मोफत मिळतो, पण मागावा लागतो.

तपासणी: वर्णनाचा परिच्छेद सर्व्हर असलेल्या दोन संस्थांच्या व्यवस्थापकांना वाचायला द्या. ‘असा माणूस आम्ही ठेवू’ असं त्यांनी म्हटलं नाही तर पुढे जाऊ नका.

## २. कामाची यादी करा, अभ्यासक्रमाची नाही

आठ ते बारा जाणकार निवडा. निम्म्याहून जास्त जण आज रोज सर्व्हरवर बसणारे हवेत. सगळेच प्राध्यापक घेतले तर यादी पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी होते, सगळेच एका कंपनीतले घेतले तर त्या कंपनीच्या सवयीसारखी.

प्रत्येक काम क्रियापदाने संपू द्या. ‘बॅकअपचं ज्ञान’ हे काम होत नाही. ‘बंद पडलेल्या सर्व्हरचा डेटाबेस कालच्या बॅकअपवरून दुसऱ्या मशीनवर उभा करणे’ हे काम झालं. साठ ते ऐंशी कामं निघाली की यादी प्रत्यक्ष काम करणाऱ्या जास्तीत जास्त लोकांकडे पाठवा आणि प्रत्येक कामाबद्दल दोनच गोष्टी १ ते ५ मध्ये विचारा: किती वेळा करता, आणि चुकलं तर किती नुकसान.

इथे एक हिशेब हमखास चुकतो. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला जातो. बॅकअप परत उभा करण्याची वेळ क्वचित येते (१), पण चुकलं तर सगळं गेलं (५); गुणाकार ५. नवीन वापरकर्ता जोडणं रोजचं (५), नुकसान किरकोळ (२), गुणाकार १०. म्हणजे वापरकर्ता जोडण्याला बॅकअपच्या दुप्पट महत्त्व! त्याऐवजी नुकसानाचा आकडा दुप्पट करून त्यात वारंवारता मिळवा. बॅकअप ११, वापरकर्ता ९. हेच सूत्र असं नाही, पण क्वचित येणारी आणि जीवघेणी कामं खाली बुडणार नाहीत असं कुठलंतरी सूत्र आधी ठरवून लिहून ठेवा.

## ३. वजन आणि आराखडा

साठ प्रश्न असतील तर सगळ्या वजनांची बेरीज साठ ठेवा. मग वजन म्हणजेच प्रश्नसंख्या होते आणि कोणाला टक्केवारी काढत बसावं लागत नाही. एक नमुना: साठवण आणि बॅकअप १४, नेटवर्क आणि फायरवॉल १२, सुरक्षा १२, सेवा आणि ओळख-पडताळणी १०, आभासी मशीन आणि कंटेनर ७, नोंदी वाचून दोष शोधणं ५. शेवटचा विभाग मुद्दाम लहान आहे. दोष शोधणं कागदावर नीट तपासता येत नाही, ते प्रात्यक्षिकात घ्या.

वितरण (लिनक्सचा तयार संच, जसं डेबियन) कोणतं, हा वाद याच टप्प्यावर मिटवा. लेखी पेपर वितरणनिरपेक्ष ठेवा, प्रात्यक्षिकात उमेदवाराला डेबियन किंवा रेड हॅट घराण्यातलं एक निवडू द्या. अनेक लॅबमध्ये अजून सेंटओएस ७ हे रेड हॅट घराण्यातलं जुनं वितरण दिसतं. त्याचा आधार (दुरुस्त्या आणि अपडेट) ३० जून २०२४ ला संपला, त्यामुळे ‘आमच्याकडे हेच आहे’ म्हणून परीक्षा त्यावर बेतू नका. तसंच इफकॉन्फिग (नेटवर्क) आणि आयपीटेबल्स (फायरवॉल) ही जुनी साधनं ओळखू येणं ठीक, पण गुण त्यांच्या जागी आलेल्या आयपी कमांड आणि एनएफटेबल्सवर असू द्या.

सावधान: आराखड्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्यावर तो बदलायचा नाही. प्रश्न लिहिताना ‘या विभागात सुचत नाही, त्या विभागात दोन जास्त घेऊ’ असं सुरू झालं की दुसऱ्या टप्प्याचं सगळं काम वाया गेलं.

## ४. लेखी प्रश्न

दोन समांतर पेपर आणि त्यांत २० प्रश्न सामाईक असतील तर वापरात १०० वेगळे प्रश्न लागतात. छाननीत बरेच गळतात, म्हणून दीडशे ते दोनशे लिहून घ्या. एका लेखकाकडे वीसपेक्षा जास्त देऊ नका. विसाव्यानंतर प्रत्येकजण स्वतःच्याच प्रश्नांची नक्कल करायला लागतो.

एक प्रश्न जवळून बघू. पहिला मसुदा असा आला:

‘लॉजिकल व्हॉल्यूमचा आकार कमी करण्यासाठी कोणती पायरी आधी करावी?’

लॉजिकल व्हॉल्यूम म्हणजे डिस्कच्या जागेतून काढलेला भाग, आणि त्यावर फाइली मांडायची रचना म्हणजे फाइल सिस्टिम. प्रश्नात ती सांगितलेलीच नाही. ती ईएक्सटी४ प्रकारची असेल तर आधी अनमाउंट करून (वापरातून काढून) लहान करायची, मग व्हॉल्यूम. रेड हॅट घराण्यात (रॉकी लिनक्स त्यातलंच) डीफॉल्ट एक्सएफएस असते, आणि ती नेहमीच्या वापरात लहान करताच येत नाही. म्हणजे डेबियनवाला एक उत्तर देईल, रॉकीवाला दुसरं, आणि दोघंही बरोबर असतील. सुधारून:

‘एका सर्व्हरवर ४० जीबीच्या लॉजिकल व्हॉल्यूमवर एक्सएफएस आहे, त्यातली १२ जीबी वापरात आहे. व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी जागा नाही आणि नवी डिस्क मिळणार नाही. डेटाबेससाठी १५ जीबीचा नवा व्हॉल्यूम हवा. डेटा न गमावता हे साधण्याचा मार्ग कोणता?’

बरोबर पर्याय: दुसऱ्या मशीनवर बॅकअप घेऊन व्हॉल्यूम काढणं, लहान व्हॉल्यूमवर नवी एक्सएफएस तयार करणं आणि डेटा परत आणणं. चुकीच्या पर्यायांपैकी प्रत्येकामागे खरी चूक हवी. एक, फक्त व्हॉल्यूम लहान करणं. यात फाइल सिस्टिमचं शेपूट कापलं जातं. दोन, ईएक्सटी४ चं साधन एक्सएफएसवर चालवणं. तीन, एक्सएफएस वाढवायच्या कमांडला लहान आकडा देणं. हा तिसरा पर्याय काळजीपूर्वक लिहा: नव्या कर्नेलमध्ये अगदी शेवटची थोडी रिकामी जागा कापायची प्रायोगिक सोय आहे. म्हणून प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या पानावर कोणत्या आवृत्त्या गृहीत धरल्या आहेत ते छापा.

लेखकांना देण्यासाठी थोडे नियम. ‘सर्वात चांगलं कोणतं’ विचारायचं असेल तर कशासाठी चांगलं ते प्रश्नात असलं पाहिजे. ‘वरीलपैकी सर्व’ बंद. बरोबर पर्याय बाकीच्यांपेक्षा लांब होऊ देऊ नका; लेखक स्वतःला सुरक्षित ठेवायला त्यात सगळ्या अटी भरतो आणि उमेदवार लांबी बघूनच टिक करतो. कमांडच्या पर्यायांचं स्पेलिंग विचारू नका, ते मॅन पेजमध्ये, म्हणजे कमांडच्या सोबतच्या माहितीपानात, दिसतं. प्रत्येक प्रश्नासोबत उत्तराला आधार काय आणि कोणत्या आवृत्तीवर चालवून पाहिलं हे लिहिलेलं हवं. चालवून पाहिलेलं नसेल तर प्रश्न परत.

भाषेबद्दल. प्रश्न मराठीत द्या, कमांड आणि फाइलींची नावं रोमन लिपीत जशीच्या तशी छापा. ‘संचिका आरोहित करा’ असं लिहिलंत तर दहा वर्षं माउंट करणारा माणूसही अडखळेल. लॅबमध्ये लोक फाइल, सर्व्हर, माउंट, रीस्टार्ट असंच बोलतात, तेच शब्द ठेवा. नकारार्थी प्रश्न शक्यतो नकोच. टाळता आला नाही तर ‘नाही’ ठळक करा.

तपासणी: लेखक सोडून दोघांनी उत्तरपत्रिका न बघता प्रश्न सोडवावा. दोघांची उत्तरं वेगळी आली तर वाद घालू नका, प्रश्न दुरुस्त करा.

सावधान: प्रश्न व्हॉट्सअॅपवर किंवा पेनड्राइव्हवर फिरू नयेत. एकच एन्क्रिप्टेड साठा, प्रत्येकाची वेगळी लॉगिन, कोणी काय उघडलं याची नोंद. तालुक्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून आणखी एक गोष्ट: जो प्रश्न लिहितो तो त्याच परीक्षेचा क्लास घेणार नाही, हे लेखी घ्या. व्यक्तींना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठीचं आयएसओ/आयईसी १७०२४ हे मानकही प्रशिक्षण आणि प्रमाणन एकाच संस्थेत असणं निःपक्षपातीपणाला धोका मानतं.

## ५. प्रात्यक्षिक

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण चुका इथेच जास्त होतात आणि त्या उमेदवाराच्या माथी बसतात.

पहिला नियम: परिणाम तपासा, पद्धत नाही. ‘डिस्क रीबूटनंतरही माउंट राहावी’ हे काम दिलं आणि गुण देणारी स्क्रिप्ट एफएसटॅब फाइलमध्ये (बूट होताना माउंट करायच्या डिस्कांची यादी) ओळ शोधत बसली, तर तेच काम करणारं सिस्टिमडीचं (सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेचं) माउंट युनिट लिहिणारा नापास होतो. त्याचं काम मात्र बरोबर आहे. मशीन रीबूट करा आणि फाइंडमाउंट कमांडने विचारा: डिस्क जागेवर आहे का? फायरवॉलचे नियम वाचू नका. शेजारच्या मशीनवरून त्या पोर्टला जोडून बघा, आणि जे बंद असायला हवं तेही बंद आहे ना ते बघा.

दुसरा नियम: तपासणी नेहमी रीबूटनंतर. फायरवॉलडी या फायरवॉल सेवेत कायमचा बदल न करता चालू नियम टाकणारे खूप असतात, ते इथेच सापडतात.

तिसरा: काम खरोखर ते कौशल्य तपासतं का, हे करून बघा. ‘अपाचे ८०८० पोर्टवर चालवा, एसई-लिनक्स चालूच ठेवा’ हा प्रश्न एसई-लिनक्सचा, म्हणजे कोणत्या सेवेला काय करू द्यायचं हे ठरवणाऱ्या सुरक्षा व्यवस्थेचा, वाटतो. पण रेड हॅट घराण्यात अपाचे या वेब सर्व्हरला ८०८० ची परवानगी आधीपासून असते, त्यामुळे एसई-लिनक्सचं नाव न ऐकलेलाही पूर्ण गुण घेऊन जातो. ८२ द्या, तिथे लेबल लावल्याशिवाय सेवा उठत नाही.

चौथा: कामं एकमेकांत अडकवू नका. पहिल्या कामात व्हॉल्यूम बनवायचा, चौथ्यात त्यावर डेटाबेस, सातव्यात त्याचा बॅकअप अशी साखळी केली की पहिली चूक तीनदा मोजली जाते. एफएसटॅब चुकला तर मशीन पूर्ण बूट न होता इमर्जन्सी मोडला जाऊन बसतं आणि बाकी सगळी बरोबर कामं अदृश्य होतात. उपाय असा: प्रत्येक उमेदवाराला दोन किंवा तीन आभासी मशीन द्या, साठवणीची कामं वेगळ्या मशीनवर ठेवा, आणि ‘मशीन बूट झालं नाही तर त्या मशीनवरच्या कामांना शून्य’ हे सूचनापत्रात पहिल्याच ओळीत लिहा. तो नियम कडक आहे. प्रगत प्रशासकाकडून मात्र तेवढी अपेक्षा आहेच.

तपासणी: स्क्रिप्ट चार मशीनवर चालवा. हात न लावलेलं मशीन शून्य दाखवतं का? नमुना उत्तराचं पूर्ण गुण? वेगळ्या पण बरोबर मार्गाने केलेलंही पूर्ण? अर्धवट केलेलं अर्धेच? पहिलं हमखास नापास होतं. कोरं मशीन तीन-चार गुण घेऊन बसतं, कारण ‘अमुक सेवा बंद असावी’ अशा अटी ती सेवा बसवलेलीच नसल्यामुळे आपोआप पूर्ण होतात.

## ६. पायलट

तीस-चाळीस जणांवर पेपर चालवून बघा. हे लोक पहिल्या खऱ्या परीक्षेला बसणारे नकोत. प्रत्येक प्रश्नाचे दोन आकडे काढा: किती जणांनी बरोबर सोडवला, आणि एकूण गुण जास्त असणाऱ्यांनी तो जास्त सोडवला का.

आकड्यांवर फार भाळू नका. चाळीसपैकी वीस जणांनी बरोबर सोडवला म्हणजे ५० टक्के. पण एवढ्या थोड्या लोकांत खरा आकडा ३५ ते ६५ मध्ये कुठेही असू शकतो. म्हणून पायलटचा उपयोग ढोबळ दोष पकडायला करा. नव्वद टक्क्यांच्या वर किंवा तीस टक्क्यांच्या खाली असलेला प्रश्न परत वाचा. हुशार उमेदवार चुकतात आणि कच्चे बरोबर येतात, म्हणजे सहसंबंध उणे आला, तर आधी उत्तरसूची तपासा. बहुतेकदा तिथेच चूक असते. जो पर्याय कोणीच निवडला नाही तो बदला.

## ७. पासची रेषा

पस्तीस, चाळीस, पन्नास हे आकडे शाळेच्या सवयीतून येतात. अवघड पेपरला आणि सोप्या पेपरला एकच रेषा असूच शकत नाही. व्यावसायिक परीक्षांत अँगॉफ पद्धत रूढ आहे, ती छोट्या संस्थेलाही झेपते.

आठ-नऊ परीक्षक बसवा. ‘काठावरचा उमेदवार’ म्हणजे जेमतेम पास व्हायला हवा असा माणूस, त्याचं वर्णन आधी तासभर चर्चा करून फळ्यावर लिहा. मग प्रत्येक परीक्षकाने प्रत्येक प्रश्नापुढे लिहायचं: असे दहा जण असतील तर किती जण हा प्रश्न बरोबर सोडवतील? एकमेकांच्या कागदात डोकावायचं नाही. पहिल्या फेरीनंतर पायलटचे आकडे दाखवा, ज्या प्रश्नांवर मतं फार लांब आहेत तेवढ्यांवर बोला आणि दुसरी फेरी घ्या. प्रत्येक प्रश्नाची सरासरी काढून बेरीज करा. ६० प्रश्नांत ती ३८.४ आली तर रेषा ३८ की ३९, हे गोलांकनाच्या आधीच लिहून ठेवलेल्या नियमाने ठरवा.

दोन चुका नेहमीच्या. चार पर्यायांच्या प्रश्नाला कोणी ‘दहात एक’ लिहितो. डोळे मिटून टिक करणारेही दहात दोन-तीन निघतात, त्यामुळे २५ टक्क्यांखाली आकडा स्वीकारू नका. आणि परीक्षक काठावरच्याचा विचार करता करता स्वतःच्या सर्वोत्तम विद्यार्थ्याचा विचार करायला लागतात. दर पंधरा प्रश्नांनी फळ्याकडे बोट दाखवा.

सावधान: रेषा खऱ्या निकालाच्या आधी ठरते आणि पाकिटात बंद होते. निकाल बघून ‘फारच कमी पास होतायत’ म्हणून ती खाली आणली तर हे सात टप्पे करायची गरज नव्हती.

## ८. परीक्षेचा दिवस

तारीख निवडताना पिकाचं कॅलेंडर जवळ ठेवा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत आणि पोळा-तान्हा पोळ्याला परीक्षा ठेवली तर अर्धे उमेदवार येत नाहीत, मग ते पतसंस्थेत नोकरीला का असेनात. मे महिन्यात चंद्रपूर पट्ट्यात पारा ४५ च्या वर जातो. कूलरवर चालणाऱ्या लॅबमध्ये दुपारी संगणक तापून मंद होतात आणि प्रात्यक्षिकाचा वेळ अन्यायाने कमी पडतो. उन्हाळ्यातच घ्यायची असेल तर सकाळी सातला. मात्र त्याआधी सगळ्यात लांबच्या गावाहून पहिली एसटी किती वाजता पोचते ते बघा.

इंटरनेटवर काहीही अवलंबून ठेवू नका. पॅकेजचं पूर्ण मिरर (स्थानिक प्रत) लॅबमधल्या एका मशीनवर, वेळ देणारा क्रोनी सर्व्हरही तिथेच. हे दुसरं सहसा विसरतात. जुन्या संगणकाची बायोस बॅटरी गेलेली असली की लाइट गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, सर्व्हरची डिजिटल प्रमाणपत्रं ‘अजून वैध नाहीत’ असं दाखवतात, पॅकेज उतरत नाहीत, आणि उमेदवाराला वाटतं आपलंच चुकलं.

वीस उमेदवारांमागे दोन संगणक जास्तीचे तयार ठेवा. मूळ इमेज फक्त वाचण्यासाठी ठेवा, प्रत्येकाचे बदल वेगळ्या थरात जाऊ द्या. यूपीएसवर लिहिलेल्या मिनिटांवर विश्वास नको. आदल्या दिवशी सगळी मशीन चालू ठेवून मेन स्विच पाडा आणि घड्याळ लावून बघा. लाइट गेल्यावर काय, याचा नियम एकच ठेवा: एक जरी संगणक बंद पडला तर सगळ्या हॉलचा वेळ थांबतो, हात कीबोर्डवरून वर. बंद पडलेल्यालाच वेळ वाढवून दिला की बाकीचे तक्रार करतात, आणि ती रास्त असते.

ओळखपत्र बघा आणि परत द्या. आधारची झेरॉक्स गोळा करून कपाटात ठेवण्याचं काही कारण नाही. दिव्यांग उमेदवारांना तासाला किमान २० मिनिटं जास्त, हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे. ते सूचनापत्रातच छापा, त्यांना मागायला लावू नका.

## ९. निकाल आणि पुढची देखभाल

उमेदवाराला पास किंवा नापास आणि विभागवार कामगिरी कळवा. कोणते प्रश्न चुकले ते सांगू नका, नाहीतर प्रश्नसाठा दोन वर्षांत बाजारात. गुणवत्ता यादी लावू नका. ही परीक्षा काठावरच्यांना नीट वेगळं करायला बांधलेली आहे. वरच्या दोघांत कोण मोठा हे ती सांगू शकत नाही, मग चौकात कितीही मोठं फ्लेक्स लागो. हरकतींसाठी पंधरा दिवस द्या आणि हरकत मान्य झाली तर तो प्रश्न सगळ्यांच्याच पेपरातून काढून रेषा नव्याने मोजा.

प्रमाणपत्राला मुदत घाला. एलपीआयसी पाच वर्षांनी संपते, रेड हॅटचं तीन वर्षांनी. दर वर्षी एकदा दुसऱ्या टप्प्याची यादी काढून मेलेली कामं खोडा. वितरणाची नवी आवृत्ती आली की आधी प्रात्यक्षिकाची नमुना उत्तरं तिच्यावर चालवा. जे काम पूर्वी चार पायऱ्यांचं होतं आणि आता आपोआप होतं, ते त्याच दिवशी सापडतं.